शैले, यंदा गौर आणायची का?

शैले, तू गेल्यानंतर आमच्या घरातलं पहिलं भांडण तुझ्यावरूनच झालं. ऐकून तुला गंमत वाटेल. नणंद-भावजयीचं एखादं तरी कडाक्याचं भांडण बघायला मिळावं म्हणून बिल्डिंगमधल्या बायका वर्षानुवर्षं टपून होत्या आणि आपण त्यांची पार निराशा केली. आता तू नाहीस, तर मी तुझी बाजू घेऊन तुझ्या सख्ख्या भावाशी भांडतेय. विषय एकच, यंदा गौर आणायची की नाही.

श्रावण लागला आणि तू गेलीस. दवाखान्याचे ते दिवस मी इथे लिहीत नाही, तुलाही ते आवडायचं नाही. भाद्रपद तोंडावर आला तेव्हा तुझ्या दादानं स्वतःच गुरुजींना फोन लावला. मला वाटतं, त्याला गुरुजींच्या तोंडून ‘नाही’ ऐकायचं होतं. यंदा सणवार बंद, असं कुणीतरी ठणकावून सांगितलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. पण गुरुजी म्हणाले, “लग्न झालेली बहीण ना? मग माहेरी तीन दिवसांचं सुतक. तुमचं केव्हाच फिटलं. गौर खुशाल आणा.”

त्यानं फोन ठेवला आणि घर डोक्यावर घेतलं. “तीन दिवस? माझ्या बहिणीचे फक्त तीन दिवस? शेजाऱ्याचं मांजर मेलं तरी माणूस आठवडाभर हळहळतो!”

मी म्हटलं, “अरे, पण त्यांनी परवानगीच दिली ना? मग चिडतोस कशाला?”

“म्हणूनच चिडतोय. शास्त्राला चालत असेल, मला नाही चालत. गौर येणार नाही.”

एवढं बोलून त्यानं पेपर उघडला. उलटा धरलाय हे मी त्याला सांगितलं नाही.

तुला आठवतं, मी लग्न होऊन या घरात आले ती पहिली गौर? आमचं ऑफिसात जमलेलं लग्न, मी साताऱ्याकडची, तुम्ही पक्के मालवणी. आमच्याकडे गौरींना पुरणपोळी, सोळा भाज्या, सगळं सोवळ्यातलं. पूजेच्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर चिंबोऱ्या, म्हणजे जिवंत खेकडे, फिरत होत्या. एक चुकार चिंबोरी खाली पडून माझ्या पायाकडे येत होती आणि तू तिच्यामागे चिमटा घेऊन. मला वाटलं, देवीचं आटोपल्यावर घरच्यांसाठी काही बेत असेल. तू शांतपणे म्हणालीस, “वहिनी, बाजूला हो. गौरीचा नैवेद्य पळतोय.”

मी हादरलेच. देवीला चिंबोऱ्या? आणि मटण-वडे? देव्हाऱ्यातल्या गणपतीसमोर मात्र तू स्वच्छ धुतलेला नॅपकिन टांगला होतास, कारण तो शाकाहारी, त्याला वास नको. मी म्हटलं, हा काय प्रकार आहे? तू वाटण वाटता वाटता मला जे सांगितलंस, त्याच्यावर आपण पुढे आयुष्यभर वाद घातला. तू म्हणालीस, “बाकीच्या देवांकडे आपण जातो. गौर तेवढी आपल्याकडे येते, आणि ती देवी म्हणून येतच नाही, लेक म्हणून येते. सासरी वर्षभर दुसऱ्यांच्या आवडीचं खाल्लेलं असतं तिनं. माहेरी तरी तिच्या आवडीचं नको?”

“पण तिला चिंबोऱ्या आवडतात हे तुला कुणी सांगितलं?”

“मला आवडतात,” तू म्हणालीस. “मग तिला का नाही आवडणार?”

त्या दिवशी मी पुरण घातलं आणि तू कालवण केलंस. गौरीच्या पानात दोन्ही वाढलं. तेव्हापासून आपल्या घरी तोच रिवाज पडला आणि आजूबाजूचे लोक त्याला आपली जुनी कुळाची परंपरा समजतात. मीही कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

आमचं घर म्हणजे तुझं माहेर आणि दर वर्षी गौर आणायचा मान तुझा. भांडुपहून तू सकाळीच यायचीस. मुलुंडच्या बाजारातून आणलेली गौरीची पानं सुपात ठेवायची, खाली पाणवठ्यावर न्यायची, धुवायची, तोंडात पाण्याची चूळ धरायची आणि एक शब्दही न बोलता तिला घरी आणायचं. आता इथे पाणवठा कुठला? जुनी बिल्डिंग पाडून टॉवर झाला तेव्हा मी म्हटलं होतं की आता हे सगळं फोटोपुरतं उरणार. तू सोसायटीभर फिरलीस आणि पंपरूमच्या मागचा नळ पसंत केलास. वॉचमन म्हणाला, “मॅडम, ये गार्डन का पानी है.” तू म्हणालीस, “भैया, गंगा भी कहीं से आतीच है.” तो नळ झाला आपला पाणवठा.

टॉवरमधल्या त्या पहिल्याच वर्षी जे झालं ते मी अजून पाहुण्यांना सांगते. तू डोक्यावर पदर घेऊन, हातात सूप धरून, मान खाली घालून लिफ्टमध्ये शिरलीस. मागे दादा थाळी वाजवत. आपला नववा मजला. मी दारात पाय धुवायला पाणी आणि ओवाळायला भाकरतुकडा घेऊन उभी. थाळीचा आवाज वर येत होता, येत होता आणि मध्येच कुठेतरी आत गेला. मग खालून कुणीतरी गुजरातीत ओरडल्याचं ऐकू आलं.

मी भाकरतुकडा हातात घेऊन जिन्यानं खाली धावले. लिफ्ट सातव्यावर थांबली होती, तू पायांकडे बघत बाहेर पडली होतीस, सगळ्या मजल्यांवरचे पॅसेज सारखेच, जयाबेनचं दार उघडं, दारात रांगोळी. तू थेट त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचली होतीस. तिथे गॅस शेगडी उजवीकडे दिसल्यावर तुझ्या लक्षात आलं, पण तोंडात चूळ! बोललीस तर गौर मोडली. तू नुसती “उम्, उम्” करत डोळ्यांनी छताकडे दाखवत होतीस आणि तुझा दादा, त्याला वाटलं की तू घाई करतेयस, म्हणून तो अजून जोरात थाळी बडवत होता. जयाबेन हातात लाटणं घेऊन उभ्या. त्यांच्या तव्यावर थेपला करपत होता.

“अरे, थाळी थांबव, घर चुकलं!” मी ओरडले. तेव्हा कुठे थाळी थांबली.

पण जयाबेन तुला सोडेनात. “ऐसे कैसे? बेटी घर में आयी, खाली हाथ जायेगी?” त्यांनी सुपावर कुंकू वाहिलं, पानांजवळ दोन थेपले ठेवले आणि मगच वाट मोकळी केली. तू गाल फुगवून त्यांना नमस्कार केलास. वर आल्यावर मी तुझे पाय धुतले, तू चूळ टाकलीस आणि खालीच बसून इतकी हसलीस की तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मला मात्र धाकधूक. देवी परक्या उंबऱ्यातून आली, अपशकुन तर नाही ना? सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या?

“आई काही म्हणाली नसती,” तू म्हणालीस. “मी तुझ्याकडे येताना भाजीवालीकडे थांबते, ओळखीच्या बायका भेटतात तिथे थांबते. माहेरची वाट सरळ कधी असते काय? तिला थांबावंसं वाटलं, थांबली.”

संध्याकाळी जयाबेन वर आल्या. दुसऱ्या दिवशीचा आपला नैवेद्य काय असतो हे आपण दोघींनी त्यांना अजूनपर्यंत सांगितलेलं नाही. त्या म्हणतात की त्यांच्या घरी पहिल्यांदा आलेली गौर फार सात्त्विक होती.

आता तो आपला न मिटलेला वाद. आवाहन झालं, गौर बसली, की मी हात जोडायचे आणि मागायला सुरुवात करायचे. मुलाला नोकरी लागू दे, याचं ब्लडप्रेशर आटोक्यात राहू दे, सोसायटीचं पाणी दोन्ही वेळ येऊ दे. तू वैतागायचीस आणि वैतागलीस की तुझी मालवणी बाहेर पडायची. “गो वैनी, तिका आधी बसाक तरी दी! आल्या आल्या काय मागतंस?”

“देवाकडे मागायचं नाही तर कुणाकडे मागायचं?”

“बाकीच्यांकडे माग ना, बाराही महिने आहेत ते. ही अडीच दिवसांची पाहुणी. अनुराधा नक्षत्रावर यायचं, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवायचं, मूळ नक्षत्रावर निघायचं. एवढ्यात पण तिला कामाला लावणार तू? वर्षभर आपण तिच्यावर विसंबून. हे दिवस तिनं आपल्यावर विसंबायचे. तिला जेवायला घाल, तिची वेणीफणी कर आणि झोपू दे.”

मला तेव्हा ते पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही पूर्ण पटलेलं नाही. मी साताऱ्याची आहे, देवासमोर हात रिकामे ठेवून बसणं मला जमत नाही. पण तू दर वर्षी आलीस की दुपारी त्या खोलीत जायचीस, गौरीसमोरच चटईवर आडवी व्हायचीस आणि तुझं घोरणं हॉलपर्यंत ऐकू यायचं. भांडुपच्या घरी तुझी अंथरुणावरची सासू, भाऊजींची शिफ्टची नोकरी, तुझ्या लेकीचं, मनूचं कॉलेज. तिथे तू दुपारी पाठ टेकलेली मी कधी पाहिली नाही. तुला घोरताना ऐकून मला वाटायचं की ही म्हणते त्यात काहीतरी तथ्य असणार. दार लोटून घ्यायचं आणि फोन सायलेंटवर टाकायचा, एवढी पूजा मी मनापासून केली.

एक गोष्ट मात्र तुला सांगायची राहिली. माझे आईवडील गेले, भावांनी साताऱ्याचं घर विकलं, त्यानंतर मला माहेर म्हणून जायला जागाच नव्हती. मी ते कधी बोलून दाखवलं नाही. पण तू यायचीस, बॅग टाकायचीस आणि ओरडायचीस, “वहिनी, चहा टाक, आणि तूपण बस!” मग आपण दोघी खिडकीत पाय वर घेऊन तासभर बडबडायचो, तेव्हा माहेरपण तुझं चाललंय की माझं हे मला कळायचं नाही. तू माझ्या घरी येऊन मलाच माहेर द्यायचीस गं. हे तुझ्यासमोर म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, “काय सिरीयल बघून आलीस काय?” म्हणून नाही म्हटलं. आता म्हणते. आता तू काय चिडवणार!

तर मी दादाचं सांगत होते. तो काही केल्या ऐकेना. शेवटी मी त्याला अण्णा गेले त्या वर्षाची आठवण करून दिली.

सासरे गेले तेव्हा आमच्या घरी वर्षभर सण नव्हता. गौर येणार नव्हती, हे तुलाही ठाऊक होतं. तरी आवाहनाच्या दिवशी सकाळी बेल वाजली आणि दारात तू, नेहमीची बॅग घेऊन. तुझा दादा म्हणाला, “शैले, यंदा काही नाही, माहीत आहे ना?” तू चप्पल काढत म्हणालीस, “मग? गौर नाही म्हणजे लेकीनं पण यायचं नाही? सुखाच्या घरी कुणीपण जातं रे. दुःखाच्या घरी लेकीनं आधी यायचं असतं.” पूजा नाही, नैवेद्य नाही. वरणभात खाल्लास, अण्णांच्या खुर्चीत बसून दादाबरोबर क्रिकेट बघितलंस, आम्ही तिघं अण्णांच्या शिव्या आठवून आठवून हसलो, आणि विसर्जनाच्या दिवशी तू वेळेवर निघून गेलीस. ती आमची सगळ्यात साधी आणि सगळ्यात खरी गौर होती.

“त्या वर्षी गौर नव्हती तर शैला आली,” मी त्याला म्हटलं. “यंदा शैला नाही, तर गौरीनं पण येऊ नये? तिनं आपल्याला काय समजायचं?”

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग हळूच म्हणाला, “आणि आणणार कोण?”

तेव्हा मला कळलं की त्याचं सगळं अडलं होतं ते इथे. शास्त्र नाही, सुतक नाही. गौर आणायची ती घरच्या लेकीनं. आम्हाला एक मुलगा, तो बंगळूरला. मी सून, माझी जागा उंबऱ्याच्या आत, तिला आत घ्यायची. आणणारी आणि आत घेणारी एकच बाई कशी असेल? आणि ते सूप तुझ्याशिवाय कुणाच्या हातात बघायची त्याची तयारी नव्हती. मी गप्प बसले. शैले, मी गप्प बसले म्हणजे प्रकरण किती गंभीर होतं ते बघ.

आवाहनाच्या दिवशी सकाळी उठले तर हा घरात नाही. चहा घेतलेला नाही, फोन टेबलावर. माझं डोकं फिरलं. म्हटलं, सणाचं तोंड बघायला नको म्हणून पळाला. रागारागात मी देवघर पुसलं, सूप धुऊन वाळत घातलं, पुरणाची डाळ भिजत टाकली. गौर आली नाही तर नाही, आमटी तरी होईल. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याला मी तोंडानं शिव्या घालत होते, त्या तुझ्या माहेरच्याच शिव्या, तूच शिकवलेल्या.

इतक्यात खालून इंटरकॉम वाजला. वॉचमन म्हणाला, “मॅडम, साब बोले सूप नीचे भेजो.”

मी गॅलरीतून वाकून बघितलं. रिक्षातून तुझा दादा उतरला होता, हातात गौरीची पानं. त्याच्यामागून तुझी मनू. जीन्स, वर कुर्ता. तो पहाटेच भांडुपला गेला होता. बहिणीला माहेरी न्यायला भाऊ जातो तसा गेला होता, फक्त न्यायला या वेळी भाची होती. त्यानं नंतर मला सांगितलं की तुझ्या सासूबाईंसमोर त्याला शब्द फुटेना. तुमच्या घरात वर्षभर सण नाही, पोरीला कसं मागायचं? त्या अंथरुणावरूनच म्हणाल्या, “आजोळी जायला पोरीला कसला आलाय विटाळ? ने तिला. घरी बसून नुसती भिंतीकडे बघते.”

मी सूप आणि थाळी घेऊन खाली धावले. मनू म्हणाली, “मामी, मला यातलं काहीच येत नाही. साडीपण नेसता येत नाही.” मी तिच्या डोक्यावर ओढणी घातली. “येण्यासारखं काही नाही त्यात. पानं धू, चूळ भर, बोलू नको आणि मामाच्या पुढे चाल.” आणि मी लिफ्टनं वर पळाले, कारण माझी जागा वरच होती.

पाणी घेतलं, भाकरतुकडा घेतला, दारात उभी राहिले. खालून थाळी वाजायला लागली. पहिल्यांदा अगदी हळू, कुणी ऐकेल की काय अशी भीत भीत, आणि मग शैले, जोरात. लिफ्टचं दार उघडलं. मनू बाहेर आली, मान खाली, सूप छातीशी घट्ट धरलेलं. चालण्याची तुझीच ढब, जरा डावीकडे झुकून.

मी तिचे पाय धुतले. तुकडा ओवाळून टाकला. तिनं चूळ टाकली. आता उंबऱ्यावर मी विचारायचं असतं, कोण आलं, आणि आणणारीनं म्हणायचं, गौर आली. मग मी विचारायचं, काय घेऊन आली, आणि तिनं म्हणायचं, सोनंनाणं, धनधान्य, मुलंबाळं, सुखशांती. हे तिला शिकवायचं घाईत राहूनच गेलं होतं. माझ्या तोंडून मात्र सवयीनं प्रश्न निघून गेला. “गौर आली, काय घेऊन आली?”

मनूनं माझ्याकडे बघितलं, मग मामाकडे, मग सुपातल्या त्या चार पानांकडे.

“काही नाही आणलं मामी,” ती म्हणाली. “नुसती मीच आलेय.”

मी तिला सुपासकट पोटाशी धरलं आणि आत घेतलं.